मशीनला भाषा शिकवणाऱ्या ग्रेसबाई



महिन्याच्या बैठकीत गटाची वही जुळत नाही तेव्हा काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. बारा रुपये कमी येतात आणि सगळ्यांच्या माना सचिवाकडं वळतात. तीनतीनदा बेरीज होते. कुणी म्हणतं, चहाचे लिहायचे राहिले असतील. कुणी काहीच म्हणत नाही, नुसतं बघतं. ते जास्त लागतं.

आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे त्यांचाही हिशोब असाच जुळेना. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या या बाई, ग्रेस हॉपर त्यांचं नाव. गणितात पीएचडी झालेल्या, कॉलेजात बारा वर्षं गणित शिकवलेल्या, आणि स्वतःचं बँकेचं चेकबुक जुळत नव्हतं. त्यांचा भाऊ बँकेत होता. शेवटी त्याला वही दाखवली. तो बसला, शोधलं, आणि चूक सापडली. बाईंनी काही वजाबाक्या दहाच्या हिशोबानं करायच्या ऐवजी आठच्या हिशोबानं केल्या होत्या.

म्हणजे काय, ते सांगते. बावन्नातून पंचवीस वजा करायचे. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून आपण शेजारून एक उसना घेतो. तो एक म्हणजे दहा. बारातून पाच गेले सात, उत्तर सत्तावीस. ग्रेसबाई तेव्हा कंपनीत ज्या मशीनवर काम करत, त्याचं गणित आठवर चालायचं. तिथं शेजारून उसना घेतला की दहा नाही, आठ मिळायचे. आठ आणि दोन दहा, त्यातून पाच गेले पाच. त्या पद्धतीनं उत्तर येतं पंचवीस. दिवसभर असं करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन घरखर्च लिहायचा. डोकं कुठल्या दुनियेत आहे हे पेनाला कसं कळणार?

त्या पुढं ही गोष्ट भाषणात हसत हसत सांगत. पण त्यांच्या मनात त्यातून एक प्रश्न बसला, आणि तोच आजच्या बोलण्याचा विषय आहे. माणसानं मशीनची भाषा शिकायची की मशीननं माणसाची?

आता पहिल्यापासून सांगते.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. तीन भावंडांत ती थोरली. सात वर्षांची असताना घरातलं गजराचं घड्याळ आत कसं चालतं ते बघायचं म्हणून तिनं ते उघडलं. चाकं बाहेर पडली, परत बसेनात. मग ती कशी बसवलेली असतात ते बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. घरात सात गजराची घड्याळं होती, ती सातही उघडली. आईनं मारलं नाही, पण यापुढं एकाच घड्याळाला हात लावायचा असं ठरवून दिलं. वडील विम्याच्या धंद्यात होते. पुढं आजारपणात त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. मुलीही मुलासारख्या शिकल्या पाहिजेत, वेळ आली तर आपल्या पायावर उभ्या राहिल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२० च्या सुमारास असं बोलणारा बाप तिकडंही गल्लोगल्ली सापडत नव्हता.

कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा सोळाव्या वर्षी तिला एका परीक्षेनं अडवलं. गणिताच्या नाही, लॅटिन भाषेच्या. गुण कमी पडले आणि व्हॅसर कॉलेजनं प्रवेश नाकारला. एक वर्ष थांबून ती पुन्हा गेली आणि मग आत शिरली. मला ही गोष्ट फार आवडते. पुढं जिनं मशीनला भाषा शिकवली, ती भाषेच्याच पेपरात अडकली होती.

१९२८ ला व्हॅसरची पदवी, १९३० ला येल विद्यापीठाची एमए, त्याच वर्षी लग्न, १९३४ ला येलचीच पीएचडी. १९३१ पासून व्हॅसरमध्येच शिकवायला लागल्या. आता त्यांना ग्रेसबाई म्हणायला हरकत नाही.

गणिताच्या वर्गात बाईंची एक तऱ्हा होती. त्या मुलींना निबंध लिहायला लावायच्या. एखादं सूत्र घ्यायचं आणि ते काय सांगतं ते साध्या वाक्यांत लिहून आणायचं. मग बाई त्यावर लाल खुणा करायच्या, वाक्य दुरुस्त करायच्या. मुली कुरकुरायच्या, की हा गणिताचा तास आहे, इंग्रजीचा नाही. बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. जे गणित तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही, ते शिकून उपयोग काय? त्या स्वतःही रिकाम्या तासाला दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गात जाऊन बसायच्या. खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र, जे मिळेल ते ऐकायच्या. प्रत्येक विषयाचे आपापले शब्द असतात, ते कानावर पडले की त्या लोकांशी बोलता येतं. आपल्यातल्या ज्या बाया दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांचे शब्द पकडतात आणि बँकेत गेल्यावर मॅनेजरचे, त्यांना हे लगेच पटेल.

मग महायुद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. नौदलानं बायकांसाठी वेगळा विभाग काढला. ग्रेसबाईंना जायचं होतं, कारण पणजोबा नौदलात ॲडमिरल होते. पण वय छत्तिशीत, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी, म्हणजे आपल्या मापानं जवळजवळ ७ किलो. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी कॉलेजातच राहावं असा सरकारचा आग्रह. बाईंनी वजनाची सवलत मागून घेतली, कॉलेजकडून रजा मागून घेतली आणि १९४३ च्या अखेरीला भरती झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

त्यांना वाटलं होतं, नौदल म्हणजे बोट. मिळालं तळघर. हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांना धाडलं. तिथं मार्क वन नावाचं यंत्र होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन पाच टनांच्या आसपास. आपल्या शाळेच्या दोन खोल्या मोडून एक केल्या तरी ते पुरतं मावलं नसतं. तोफगोळा किती लांब जाईल, कुठल्या कोनात उडवायचा, असली लांबलचक गणितं ते यंत्र करायचं. त्याला काय करायचं ते सांगायला कागदाच्या पट्टीला भोकं पाडावी लागत. इथं भोक, इथं नाही, पुन्हा इथं भोक. हीच त्याची भाषा.

जुलै १९४४ मध्ये बाई तिथं हजर झाल्या, तेव्हा एकनसाहेबांचा पहिला सवाल होता की इतके दिवस कुठं होता? नमस्कार नाही, चमत्कार नाही. हातात एक गणित दिलं आणि आठवड्यात करून मागितलं. तिथल्या दोन तरुण अधिकाऱ्यांना आधीच कळलं होतं की पांढऱ्या केसांची कुणी प्राध्यापक बाई येणार आहे. तिच्या शेजारच्या टेबलावर आपल्याला बसायला लागू नये म्हणून ते एकमेकांना लालूच दाखवत होते. हे बाईंना नंतर समजलं. आणि गंमत म्हणजे यंत्र कसं चालवायचं ते बाई त्याच दोघांकडून शिकल्या. भांडण काढत बसल्या नाहीत.

एक दिवस एकनसाहेब म्हणाले, या यंत्राचं पुस्तक तुम्ही लिहायचं. बाई म्हणाल्या, मी कधी पुस्तक लिहिलेलं नाही. साहेब म्हणाले, आता तुम्ही नौदलात आहात. झालं. रोज लिहायचं आणि साहेबांना वाचून दाखवायचं. साडेपाचशेहून जास्त पानांचं ते पुस्तक १९४६ साली छापून आलं. व्हॅसरमध्ये मुलींच्या निबंधांवर ओढलेल्या लाल रेघा इथं कामाला आल्या.

हार्वर्डमधल्या पुढच्या मशीनमध्ये १९४७ साली एक पतंग अडकून मेला, तो नोंदवहीत चिकटपट्टीनं डकवून ठेवला, ती गोष्ट तुमच्या मुलांनी शाळेत ऐकली असेल. तो किडा ग्रेसबाईंनी पकडला असं सांगतात. तसं नव्हतं. गोष्ट फिरवून फिरवून सांगितली मात्र त्यांनीच.

युद्ध संपलं, त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. हार्वर्डमधली नेमणूक १९४९ ला संपली आणि तिथं बाईला कायमची जागा देण्याची रीत नव्हती. हा काळ त्यांना अवघड गेला. त्या दारूच्या नादाला लागल्या होत्या, एकदा त्यापायी पोलिसांनी पकडलंसुद्धा. त्यांचं चरित्र लिहिणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही, म्हणून मीही लपवत नाही. मोठ्या बायकांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवतो आणि मग ऐकणारीला वाटतं, हे आपल्याला कुठलं जमायला. ग्रेसबाई चाळिशीत होत्या, संसार मोडला होता, पक्की नोकरी नव्हती, व्यसन लागलं होतं. मैत्रिणींनी सांभाळलं. त्या सावरल्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम यानंतरचं आहे.

फिलाडेल्फियात दोन इंजिनिअर मिळून कॉम्प्युटर बनवत होते, विकण्यासाठी. त्या कंपनीत बाई १९४९ ला दाखल झाल्या. चेकबुकाची भानगड झाली ती इथंच. कंपनीचा नवा कॉम्प्युटर होता युनिव्हॅक. गिऱ्हाइकं कोण, तर विमा कंपन्या, पोलादाचे कारखाने, सरकारी खाती. म्हणजे आता तोफगोळ्यांचं गणित मागं पडलं. कुणाचा हप्ता आला, कुणाचा थकला, गोदामात किती माल, कामगाराचा किती पगार, असले हिशोब. आपल्या वहीतलेच, फक्त लाखांच्या संख्येनं.

इथं काम करताना बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रोग्राम लिहिणारे लोक तेच तेच तुकडे पुन्हा लिहीत होते. एकानं वर्गमूळ काढायचा तुकडा लिहिला की दुसरा तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. उतरवताना चुका व्हायच्या. माणूस उतरवायला कच्चा आणि बेरजेलाही कच्चा, असं बाई म्हणायच्या, आणि त्यात स्वतःला धरायच्या. मग त्यांनी विचार केला, उतरवून घ्यायचं आणि जोडायचं काम मशीनलाच का देऊ नये? ते तर न कंटाळता करेल.

घरातलं उदाहरण घ्या. आपण सुनेला किंवा लेकीला म्हणतो, 'चहा टाक.' शब्द दोनच. त्यात पातेलं घे, पाणी घाल, गॅस पेटव, साखर, पत्ती, आलं, दूध, उकळी, गाळणी, कप, सगळं आलं. तिला एकदा शिकवलेलं असतं, म्हणून दोन शब्दांत भागतं. मार्क वनच्या काळात मशीनला दर वेळी पातेल्यापासून सांगावं लागायचं. ग्रेसबाईंनी १९५२ साली असा प्रोग्राम तयार केला की नेहमीची कामं आधीच फितीवर साठवून ठेवायची, माणसानं नुसती त्यांची खूण सांगायची, आणि मशीननं आपलं आपण ती शोधून, ओळीनं लावून पूर्ण काम तयार करायचं. याला त्यांनी कंपायलर असं नाव दिलं. पहिले काही महिने कुणी त्याला हात लावेना. मशीन फक्त आकडेमोड करतं, ते प्रोग्राम लिहीत नाही, असं शिकल्यासवरल्या लोकांनी बाईंना ऐकवलं. आणि तो प्रोग्राम तर तिथं चालू होता.

चहाचं उदाहरण मी दिलं म्हणून हसू नका. १९६७ साली अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकानं कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलींवर लेख छापला होता. त्यात खुद्द ग्रेसबाईंनी सांगितलं आहे की प्रोग्राम लिहिणं हे रात्रीच्या जेवणाचा बेत आखण्यासारखं आहे. कुठलं आधी चढवायचं, कुठलं मागून, म्हणजे सगळं वेळेवर पानात येतं. काही बायकांना असलं बोलणं आवडत नाही, की पुन्हा आम्हाला स्वयंपाकघरातच नेलं. मला तसं वाटत नाही. पंचवीस माणसांचा स्वयंपाक वेळेवर उतरवणं हे डोक्याचं काम आहे, आणि एक गणिती बाई ते मान्य करत होती.

आता भाषेवर येऊ.

ग्रेसबाईंना स्वतःला काय सोपं होतं? चिन्हं. क्ष, य, बेरजेची खूण, आठचं गणित. आयुष्य त्यातच गेलेलं. स्वतःच्या आवडीनं भाषा बनवली असती तर ती चिन्हांची झाली असती, आणि त्यांच्यासारख्या लोकांना ती आवडलीही असती. पण त्यांनी गिऱ्हाइकांकडं बघितलं. विमा कंपनीतला हिशोबनीस क्ष आणि य बघून दचकतो. तो शब्दांत विचार करतो. जमा, खर्च, शिल्लक, माल, दर. बाईंचं म्हणणं असं होतं की ज्यांना चिन्हं आवडतात त्यांना चिन्हं द्या, पण ज्यांचं काम शब्दांनी चालतं त्यांच्यावर चिन्हं लादू नका. मशीनला इंग्रजी शब्द ओळखायला शिकवा.

उत्तर मिळालं, कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही.

बाईंना हे उत्तर विचित्र वाटलं. मशीनला क्ष तरी कुठं कळतो? त्याच्यासाठी तीही एक खूणच. जी खूण दिली ती ओळखायची आणि ठरलेलं काम करायचं, एवढंच ते जाणतं.

१९५५ च्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठांकडं पैसे मागण्यासाठी प्रस्ताव केला. सोबत एक छोटा प्रोग्राम चालवून दाखवायचा होता, इंग्रजी शब्दांत लिहिलेला. तो चालला. मग त्यांना वाटलं, नुसत्या इंग्रजीनं साहेबांना मुद्दा समजणार नाही. मशीनला शब्द म्हणजे खूण आहे, हे दाखवायचं तर खूण बदलून दाखवावी. त्यांनी तेच शब्द फ्रेंचमध्ये घातले. प्रोग्राम तसाच चालला. मग जर्मनमध्ये. तोही तसाच चालला. प्रोग्रामची बाकी रचना जशीच्या तशी, फक्त शब्द बदलले होते. म्हणजे पाहिजे तितक्या भाषांत करता आलं असतं.

साहेब लोक खूश होण्याऐवजी बिथरले. फिलाडेल्फियात बनलेलं अमेरिकन मशीन फ्रेंच किंवा जर्मन कसं समजेल? हे कधी शक्य आहे का? जर्मनीशी लढाई संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती, त्याचाही दंश असेल, असं मला वाटतं. बाईंना कित्येक महिने समजूत घालावी लागली की आम्ही फक्त इंग्रजीतच करू, दुसऱ्या भाषेचं नाव काढणार नाही. तेव्हा कुठं काम पुढं सरकलं. त्यातून जी भाषा तयार झाली तिचं नाव फ्लो-मॅटिक. तिच्यात कंपेअर, ट्रान्स्फर असे साधे इंग्रजी शब्द होते, म्हणजे ताडून बघ, तिकडं ने.

या जागी मी नेहमी अडखळते. बाईंनी एका हातानं दाखवून दिलं की मशीनला मातृभाषा नसते. दुसऱ्या हातानं, काम वाचवण्यासाठी, इंग्रजीचं वचन देऊन टाकलं. त्यांना दोष द्यावा का? पैसे कंपनीचे होते, गिऱ्हाइकं इंग्रजी बोलणारी होती. पण तो दरवाजा तेव्हा लोटला गेला तो पुढं बराच काळ लोटलेलाच राहिला. आजही जगात प्रोग्राम लिहायच्या ज्या मोठ्या भाषा आहेत, त्यांतले मुख्य शब्द इंग्रजीच आहेत, मग लिहिणारी चीनची असो की चिपळूणची.

आमच्या गटातलं सांगते. आमच्या आक्का नऊ वर्षं सचिव होत्या. शिक्षण सातवी, अक्षर मोत्यासारखं, व्याजाचा हिशोब तोंडी. मग वही बंद झाली आणि मोबाईलवर भरायचं आलं. ज्यांनी ते ॲप दिलं त्यांनी एका दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर सगळं इंग्रजी. बॅलन्स, ड्यू, सबमिट. आक्कांनी दोन महिने नातवाला शेजारी बसवून भरलं. तिसऱ्या महिन्याला बैठकीत म्हणाल्या, 'आता माझ्यानं होत नाही, एखाद्या शिकलेल्या पोरीला करा.' आम्ही सगळ्यांनी मान हलवली. हिशोब त्यांना आमच्यापेक्षा चांगला येत होता, आणि आम्ही मान हलवली. सहा-सात महिन्यांनी कुणाच्या तरी बोटाखाली भाषा बदलायची जागा सापडली आणि पडद्यावर शिल्लक, थकबाकी, जमा असे शब्द आले. मराठी त्यात पहिल्यापासून होती. प्रशिक्षणात दाखवलीच नव्हती. मी आक्कांच्या घरी जाऊन मोबाईल दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, 'हे तर माझंच आहे गं.' सचिव मात्र त्या परत झाल्या नाहीत.

तर ग्रेसबाईंच्या फ्लो-मॅटिकचं पुढं काय झालं? त्या वेळी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं आणि त्याची भाषा वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहायचे. १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पुढाकार घेऊन कंपन्यांना एकत्र बसवलं, आणि सगळ्या मशीनवर चालेल अशी व्यवहाराची एक भाषा ठरवायला समित्या नेमल्या. ही बैठक व्हावी म्हणून पहिली खटपट करणारी मेरी हॉज नावाची बाई होती. प्रत्यक्ष भाषा बांधणाऱ्या समितीतही जीन सॅमेट यांच्यासारख्या बायका होत्या. १९६० मध्ये भाषा जाहीर झाली, तिचं नाव कोबॉल. ग्रेसबाईंना कोबॉलची आई म्हणतात, पण त्या समितीत नव्हत्या, सल्लागार होत्या. जीन सॅमेट यांनी हे नंतर स्पष्ट सांगितलं. कोबॉलनं फ्लो-मॅटिकचं पुष्कळ घेतलं हे मात्र खरं. तेव्हा आई नाही, आजी म्हणा. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला, तेव्हा लोकांना पटलं.

सगळ्यांना मात्र ही भाषा आवडली नाही. डायक्स्ट्रा नावाचे हॉलंडचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं की कोबॉलनं डोकं अधू होतं आणि ती शिकवणं हा गुन्हा ठरवावा. त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. रोजच्या बोलण्यात सैलपणा असतो, एका शब्दाचे दोन अर्थ निघतात, आणि मशीनला सैल बोललेलं चालत नाही. चिन्हं कोरडी असतात पण चोख असतात. आपणच बघा, 'थोडं मीठ घाल' म्हटल्यावर नव्या सुनेची काय गत होते. पण डायक्स्ट्रा ज्यांच्यासाठी बोलत होते ते गणिती लोक, आणि ग्रेसबाई ज्यांच्यासाठी बोलत होत्या ते हिशोबनीस. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांनी कोबॉल उचलली आणि अजून कितीतरी ठिकाणी ती चालू आहे.

आपल्याकडंही तिचा पाय लागला. जुन्या प्रोग्रामांत जागा वाचवण्यासाठी साल दोनच आकड्यांत लिहायचे, १९६५ चे नुसते ६५. २००० साल जवळ आलं तेव्हा घबराट उडाली की मशीन त्याला १९०० समजेल. ती दुरुस्ती करायला जगाला कोबॉल येणारी माणसं हवी होती. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी पोरापोरींनी त्या वेळी घाईघाईनं कोबॉल शिकून घेतली आणि त्या जोरावर परदेशी गेली. तुमच्या गावातलं कुणी त्या सुमारास अमेरिकेला गेलं असेल तर विचारून बघा.

ग्रेसबाईंना नौदलानं १९६६ च्या अखेरीला वयामुळं निवृत्त केलं. त्यांना ते फार लागलं. सात महिने झाले नाहीत तोवर, ऑगस्ट १९६७ मध्ये, परत बोलावणं आलं. प्रत्येक कार्यालयाची कोबॉल वेगवेगळी झाली होती, ती एकसारखी करून द्यायची होती. सहा महिन्यांचं काम होतं, बाई १९ वर्षं राहिल्या. कार्यालयात त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. 'आम्ही हे नेहमी असंच करत आलो' असं म्हणणाऱ्याला त्या ते दाखवायच्या. काटे उलटे फिरले तरी वेळ बरोबरच कळते. १४ ऑगस्ट १९८६ ला बॉस्टन बंदरात एका जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर त्यांना निरोप दिला, तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या आणि रिअर ॲडमिरल होत्या. पणजोबांच्या ओळीला जाऊन बसल्या. त्यानंतरही एका कंपनीत सल्लागार म्हणून काम धरलं. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या.

मागच्या वेळी याच विषयावर थोडं बोलले होते, तेव्हा एका ताईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी बारावीला आहे. त्यांनी विचारलं, मराठीत प्रोग्राम लिहिता येतो का? अर्धा येतो, ताई. पायथन नावाची जी भाषा आता कॉलेजात शिकवतात, तिच्यात आपण ज्या गोष्टींना नावं देतो ती देवनागरीत देता येतात. व्याज, हप्ता, शिल्लक असं सरळ लिहिलं तरी मशीन घेतं. मी एका शिक्षकाकडून करून बघितलंय. भाषेचे स्वतःचे तीस-पस्तीस ठरलेले शब्द आहेत ते मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात. तुमच्या मुलीला सांगा, ते तीस-पस्तीस पाठ कर आणि बाकीचं तुझ्या शब्दांत लिही.

आणि एक दाखवायचं होतं, पण रेडिओवर दिसणार कसं? ग्रेसबाई भाषणाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि लोकांना वाटायच्या. एकेक तुकडा फुटाला जरा कमी, ३० सेंटीमीटर. वीज एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात जास्तीत जास्त तेवढंच अंतर जाऊ शकते. मोठे मोठे ॲडमिरल विचारायचे की उपग्रहातून निरोप यायला वेळ का लागतो. बाई तार हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते बघा. एवढा मोठा आकडा त्यांनी लोकांच्या मुठीत दिला.

मी तसे पन्नास तुकडे कापून आणलेत. स्टुडिओच्या दाराशी खिळ्याला टांगलेत. बाजाराला याल तेव्हा एकेक घेऊन जा, आणि पोरांना विचारा, हे काय आहे.